उसनी मेमरी

माझ्या बायकोचा आवाज चौसष्ट एमबीत बसत नव्हता. थोडासाच बाहेर राहत होता, पण आवाज म्हणजे काही सूटकेस नव्हे, की वर बसून कुलूप लावलं.

आधी आवाज गेला कसा ते सांगून टाकतो, म्हणजे मधेमधे कुणी विचारायला नको. ही नदीवरच्या बोटींच्या धक्क्यावर निवेदिका होती. धक्क्याच्या टोकाला लोखंडी जिना, जिन्याच्या वर काचेची खोली. तिथे बसून ही माइकवर सांगायची: कुठली बोट कुठे लागली, कुठली उशिरा येतेय, कुणाचं मूल चौकशीच्या खिडकीपाशी भोकाड पसरून बसलंय. भोंगे, इंजिनं, वारा, सगळ्यांच्या वर हिचा आवाज पलीकडच्या काठापर्यंत जायचा. मग घशात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, गाठ गेली, आणि जाताना आवाज घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, "जिवावरचं आवाजावर निभावलं." बरोबर आहे त्यांचं. त्यांना हिच्याशी रोज भांडायचं नव्हतं.

माझं छोट्या यंत्रांच्या दुरुस्तीचं दुकान आहे. तिथे एक जुनी डबी धूळ खात पडली होती. तळहाताएवढी. झाकण उघडलं की आत इवलासा स्क्रीन आणि शेंगदाण्याएवढ्या कळा. डबी म्हणतो खरं, पण आत लिनक्स होतं, म्हणजे कॉम्प्युटरच तो, फक्त खिशात मावणारा. हिने टाइप करायचं आणि डबीने मोठ्याने बोलायचं, अशी सोय मी करून दिली. पण डबीत जो तयार आवाज होता, तो दुपारच्या जेवणानंतर झोपमोड झालेल्या एखाद्या हेडक्लार्कचा. "दूध उतू जातंय" हे तो असं म्हणायचा, की वाटावं, उतू जायला वरून मंजुरी आलेली आहे. आणि ही लाडात आली तरी आवाज तोच. त्या आवाजात "जेवलास का?" ऐकलं की मी उठून उभा राहायचो.

धक्क्यावर तर फजितीच झाली. हेडक्लार्कने "दोन नंबरची बोट सुटत आहे" असं सांगितलं, आणि ते ऐकून एकाही प्रवाशाला सुटण्याची घाई आहे असं वाटलं नाही. बोट रिकामी गेली. एक कुत्रा तेवढा चढला, तो रोजचाच होता. धक्काप्रमुख टोपी सारखी करत वर आले आणि हिला म्हणाले, "बाई, सोमवारी शेवटची चाचणी. लोकांना कळेल असा आवाज पाहिजे आणि नियमात आहे तेच वाक्य पाहिजे. एक शब्द जास्त नको, एक कमी नको. नाही जमलं, तर हरवलेल्या छत्र्यांची खिडकी रिकामी आहे."

ती खिडकी मी पाहिली आहे. ती भिंतीकडे उघडते. नदी नाही, बोट नाही, नुसत्या छत्र्या. ही रडली नाही. घरी आली आणि घरातल्या सगळ्या छत्र्या उचलून माळ्यावर टाकल्या.

आता हिचाच आवाज पुन्हा बांधून देणारा एक प्रोग्राम मला सापडला होता. माणसाचं जुनं बोलणं त्याला खाऊ घातलं, की तो त्याच आवाजात नवं बोलतो. जुनं बोलणं होतंच. दुपारच्या बोटीबद्दल तक्रारी फार, म्हणून धक्क्यावर फक्त दुपारच्या घोषणेच्या टेपा जपून ठेवायचे. बाकीच्या टेपांवर दुसऱ्या दिवशी नवं भरायचं. हिच्या सगळ्या वर्षांच्या दुपारच्या टेपा मी मागून आणल्या. दुपारची बोट म्हणजे माझी हिचं जेवण घेऊन तो लोखंडी जिना चढायची वेळ, त्यामुळे त्यातली वाक्यं मला तोंडपाठ होती.

प्रोग्राम होता, टेपा होत्या. अडलं कुठे? तर कंपाइल करण्यात. प्रोग्राम लिहिलेला असतो माणसाला वाचता येईल असा. तो यंत्राला कळेल असा उतरवून घ्यायचा, याला कंपाइल करणं म्हणतात. शहाणी माणसं हे काम मोठ्या कॉम्प्युटरवर उरकतात आणि तयार माल छोट्या यंत्रात ओततात. मीही तेच केलं. पण तो पडला दुसऱ्याच्या मापाने शिवलेला सदरा, डबीच्या अंगात शिरेना. डबी बनवणारी कंपनी केव्हाच बुडालेली, तिचं माप आता कुणाकडेच नाही. जादा मेमरीचं कार्ड घालायला एक खाच होती, तर आधीच्या मालकाने तिच्यात शर्टाचं बटण कोंबलेलं. का, ते त्यालाच माहीत. थोडक्यात, डबीने स्वतःच बसून, स्वतःच्या मापाने, आहे तेवढ्या जागेत स्वतःचा सदरा शिवायचा होता.

शनिवारी सकाळी मी डबी जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि काम लावून दिलं. स्क्रीनवरून ओळी जाऊ लागल्या. छान चाललं होतं. मग सगळ्यात मोठी फाइल आली. आवाज कुठे कापायचा, वाक्य कुठे संपलं हे ठरवणारी फाइल ती. तिथे डबीची चौसष्ट एमबी मेमरी संपली आणि स्क्रीनवर एकच शब्द आला: 'किल्ड'. मारला. कुणी मारला, का मारला, काही खुलासा नाही. लिनक्सची ही पद्धत आहे. जागा संपली, की ते घरातलं सगळ्यात जाड माणूस बघतं आणि त्याला संपवतं.

मी डबीतून सामान काढायला लागलो. चित्रं काढली, खेळ काढले, रंग काढले, जास्तीची अक्षरं काढली. घड्याळ काढलं, तर डबीला वाटायला लागलं की एकोणीसशे सत्तर साल चालू आहे, आणि ती कुरकुर करू लागली की या सगळ्या फायली भविष्यकाळातून आलेल्या दिसतात. मी म्हटलं, असतील बाई, तू तुझं काम कर. शेवटी हेडक्लार्कलाही काढलं. आता ही पुरतीच मुकी झाली. पाटी आणि खडू घेऊन बसली.

तरी 'किल्ड'.

एवढ्यात नातेवाईक आले. "हिचा आवाज येणार आहे" ही बातमी कुणी फोडली देव जाणे. आजाऱ्याला बघायला यावं तसे आले आणि सोफ्यावर ओळीने बसले. एक माझी आत्या. दुसरे सासरे, नदीवर आयुष्यभर बोटीचं सुकाणू धरलेले. तिसरा मेहुणा, हिचा धाकटा भाऊ, घरोघरी जाऊन विजेचे मीटर वाचतो. तिघं डबीकडे टक लावून बघत होते आणि कुजबुजत होते.

"कुठवर आला?" आत्याने विचारलं.

"घशापर्यंत," मी म्हटलं. मला राग आला की मी असं बोलतो.

"मग आता जास्त वेळ नाही," आत्या म्हणाली आणि पदर सावरून नीट बसली.

सासरे आत्याच्या विरुद्ध टोकाला, भिंतीकडे तोंड करून बसले होते. आमच्या लग्नाच्या फोटोत आत्याने त्यांना कडेला उभं केलं होतं आणि फोटोत त्यांचा एकच कान आला होता. तेव्हापासून दोघांत बोलणं नाही. मेहुणा टेबलाचा पाय हलवत होता. मी त्याला दोनदा सांगितलं, हलवू नको. तिसऱ्यांदा 'किल्ड' आलं तेव्हा मी त्याच्यावरच खेकसलो. त्याचा काही संबंध नव्हता, पण हाताशी तोच होता.

तेव्हा हिने पाटी उचलली आणि खडूने करकरत लिहिलं: 'ही सगळी डोकी रिकामीच बसली आहेत. लाव की कामाला.'

मी आधी हसलो. मग हसू थांबलं, कारण त्यात तथ्य होतं. घर रंगवायला काढलं की आपण पलंग शेजाऱ्यांकडे ठेवतो, रात्री लागला की परत आणतो. कॉम्प्युटरही तेच करतो. मेमरी भरली, की तिची काही पानं तात्पुरती बाहेर कुठेतरी ठेवतो आणि लागली की मागवतो. डबीला बाहेर काही नव्हतं. पण सोफा भरलेला होता.

मी डबीवरच एक चिमुकला प्रोग्राम लिहिला. जागा संपायच्या आत डबी थांबणार, आकड्यांचं एक पान स्क्रीनवर दाखवणार, कुणीतरी ते पाठ करणार, मग ते पान डबी विसरून जाणार आणि मोकळ्या जागेत काम पुढे ढकलणार. पान परत लागलं की मागणार, आणि ज्याने पाठ केलं त्याने बिनचूक टाइप करून द्यायचं.

"फोटो काढून ठेवू की फोनवर," मेहुणा म्हणाला. सगळ्यांनी फोन काढले. एकाही फोनमध्ये जागा नव्हती. आत्याच्या फोनमध्ये तर सुप्रभात म्हणणारी इतकी फुलं साठली होती की तो उघडायलाच तयार नव्हता. पुसायला तिने ठाम नकार दिला. लोकांनी प्रेमाने पाठवलेली आहेत. मग कागदावर लिहून बघितलं. सासऱ्यांचा एक मेहुण्याला सात वाटला आणि परत 'किल्ड'. शिवाय कागद शोधायला माणूस लागतो. माणसाला शोधायला हाक पुरते.

तर असं आमचं चालू झालं. ही टेबलाशी बसली. हाक मारता येत नव्हती, म्हणून एका हातात चमचा, समोर उलटं पातेलं. एक ठोका आत्या, दोन सासरे, तीन मेहुणा. ठोका पडला की त्याने यायचं, पान डोक्यात घ्यायचं आणि जागेवर जाऊन गप्प बसायचं. नवीन काही ऐकायचं नाही, बोलायचं नाही, विचार करायचा नाही.

"विचार कसा करायचा नाही?" सासऱ्यांनी विचारलं.

"तुम्ही नेहमी करता तसं," असं माझ्या तोंडावर आलं होतं. सासरे आहेत म्हणून गिळलं.

सासऱ्यांची अडचण वेगळीच होती. पहिलं पान बघितल्यावर त्यांनी मान हलवली. "जावईबापू, माझ्याकडे जागा नाही."

"म्हणजे?"

"भरलंय सगळं. चाळीस वर्षं नदीवर काढली, माणसं काय काय बोलली, कुणी कसं वागवलं, सगळं जपून ठेवलंय. आता हे आकडे कुठे ठेवू?"

"एखादं काढा ना बाबा त्यातलं. तुमच्या लेकीसाठी."

त्यांनी हिच्याकडे बघितलं. मग डोळे मिटून म्हणाले, "फोटोचं मोठं आहे. ते काढलं तर बरंच मावेल." दाढ उपटून घेताना करतात तसा चेहरा त्यांनी केला, एक उसासा सोडला आणि डोळे उघडून स्क्रीनसमोर बसले. पान एका दमात पाठ. मागितलं तेव्हा एकही आकडा न चुकता दिलं. मात्र सोफ्यावर परतताना ते आत्यापाशी अडखळले. तिच्याकडे बघून बोलायचं नाही एवढं आठवत होतं. का ते आठवेना. फार अस्वस्थ झाले बिचारे. शेवटी तिच्या शेजारीच बसले आणि तिला "पंखा लागतोय ना?" म्हणाले. आत्याला ठसकाच लागला.

मेहुण्याला आकडे पाठ व्हायचे, पण बसून आठवायचे नाहीत. "भाऊजी, मला मीटरसमोर उभं राहिल्याशिवाय आकडा येत नाही." मग पान परत मागायला तीन ठोके पडले की तो धावत जिन्याखाली जायचा, वाकून टॉर्च मारायचा, आमच्याच मीटरसमोर डोळे बारीक करून आकडे ओरडायचा आणि मी वर टाइप करायचो. शनिवारी दुपारी तो असा वाकलेला असताना एका पार्सलवाल्याने त्याला विचारलं, "दुसरा मजला हाच का?" हा भला माणूस "नाही, वरचा," असं म्हणाला आणि अर्धं पान डोक्यातून सांडलं. सकाळपासूनचं सगळं काम मेलं. हिने चमचा फेकून मारला. मग आम्ही दारावर पाटी लावली: 'येथे काही विचारू नये.'

आणि आत्या. आत्याबद्दल मला धाकधूक होती. तिने जन्मात कुणाचा निरोप होता तसा पोचवलेला नाही. माझे वडील चिडून म्हणायचे, "सांग तिला, माझं डोकं फिरवू नको म्हणावं." आत्या आत जाऊन आईला सांगायची, "तो म्हणतोय, चहा छान झालाय." आईवडिलांचा संसार त्या चहावर चालला. म्हणून मी तिला बजावून सांगितलं, "आत्या, इथे गोड करायचं नाही. आहे तसं, खडाखडा."

"अरे बाळा, आकड्यांत मी काय गोड करणार?" आत्या म्हणाली.

रविवार सकाळपासून पुन्हा पहिल्यापासून. ठण. ठण ठण. ठण ठण ठण. दुपारपर्यंत घराला एक लय आली. कुणी कुणाशी बोलत नव्हतं, सगळे ओठ हलवत होते. सासऱ्यांनी जागा करायला आणखी काही अपमान काढून टाकले होते आणि त्यांचा चेहरा लहान मुलासारखा दिसायला लागला होता. हिचे हात पातेलं बडवून काळे झाले होते. मी तिच्याकडे बघायचं टाळत होतो, कारण मला भीती वाटत होती. सोमवारी ही त्या भिंतीकडे उघडणाऱ्या खिडकीत बसलेली मला डोळ्यांसमोर दिसत होती, आणि ते मला बघवत नव्हतं.

संध्याकाळी, दिवे लावायच्या सुमारास, डबी थांबली. 'किल्ड' नाही. काहीच नाही. मोकळी ओळ आणि लुकलुकणारी कांडी. म्हणजे झालं होतं.

मी टेपांचा आवाज आत भरला आणि डबी हिच्यापुढे सरकवली. तिने धक्क्यावरचं नेहमीचंच वाक्य टाइप केलं आणि कळ दाबली.

"पलीकडच्या काठाला जाणारी बोट दोन नंबरच्या धक्क्यावर उभी आहे."

हिचा आवाज. खणखणीत, शेवटचं अक्षर जरा वर उचलणारा. सासरे ढसाढसा रडायला लागले. मेहुण्याने टॉर्च लावला, का ते त्यालाही कळलं नाही. आणि मग डबीने एक श्वास घेतला, आणि तोच आवाज, पण हळू, माइकपासून तोंड वळवून बोलावं तसा, म्हणाला:

"आलास? बस जरा."

हिने माझ्याकडे बघितलं. हे तिने टाइप केलं नव्हतं.

तिने दुसरं वाक्य दिलं. "दाट धुक्यामुळे बोट उशिरा येत आहे. आलास? बस जरा." तिसरं दिलं. "तुम्ही सगळे माझ्याकडे असे काय बघताय? आलास? बस जरा."

मला तोवर कळलं होतं. लाउडस्पीकर बंद केल्यावरही टेप क्षणभर चालू राहायची. रोज दुपारी ही घोषणा संपवायची, लाउडस्पीकर बंद करायची, आणि त्याच वेळी मी जेवण घेऊन जिन्याच्या वरच्या पायरीवर पोचलेला असायचो. सगळ्या वर्षांच्या सगळ्या टेपांच्या शेवटी तेच होतं. तो भाग कापणं हे त्या मोठ्या फाइलीचं काम. आता ती फाइल जराशी उशिरा कापत होती.

हिने पाटीवर लिहिलं: 'हे मी म्हणायचे?'

"रोज," मी म्हटलं.

तिने पाटी छातीशी धरली.

मग मी आत्याकडे वळलो. "आत्या, खरं सांग. काय केलंस?"

"काही नाही रे." ती पदराशी चाळा करायला लागली. "एका ओळीत सगळी शून्यं होती, आणि मधे एकच बिचारा चार. अगदी एकटा. बघवेना मला. म्हणून मी त्याच्या शेजारी आणखी एक चार ठेवला. आकडाच होता की तो, गोड थोडाच केला?"

मी डोकं धरून बसलो. पुन्हा कंपाइल करायला अख्खा दिवस आणि सकाळी चाचणी. एक शब्द जास्त नको, असं धक्काप्रमुखांनी सांगितलेलं, आणि आमच्याकडे प्रत्येक घोषणेमागे तीन जास्त.

सोमवारी आम्ही दोघं काचेच्या खोलीत बसलो. खाली धक्का गच्च भरला होता. धक्काप्रमुख गर्दीच्या मधोमध, हात मागे बांधून उभे. बोट लागली. हिने टाइप केलं.

"पलीकडच्या काठाला जाणारी बोट दोन नंबरच्या धक्क्यावर उभी आहे. प्रवाशांनी त्वरित चढावे. आलास? बस जरा."

धावणारा एक माणूस जागच्या जागी थांबला. त्याने आपली पिशवी खाली ठेवली आणि तिच्यावर बसला. मग त्याच्या शेजारचा. मग बाकं भरली, पायऱ्या भरल्या, दोरांच्या भेंडोळ्यांवर माणसं बसली. एक बाई वर बघून ओरडली, "आणि आम्ही बायका आलो ते दिसत नाही वाटतं?" पण तीही बसली. सगळ्या धक्क्यावर उभा असा एकच माणूस राहिला, तो म्हणजे धक्काप्रमुख. बोटीने दोनदा भोंगा दिला आणि रिकामी निघून गेली. कुत्रासुद्धा बसून राहिला होता.

लोखंडी जिन्यावर बुटांचा आवाज यायला लागला. घाईघाईने तिने टाइप केलं, "प्रवाशांनी कृपया उठावे," आणि कळ दाबली. डबीने ते वाक्य म्हटलं, श्वास घेतला, आणि तेवढ्यात दार धाडकन उघडून धक्काप्रमुख धापा टाकत आत आले. टोपी तिरकी झालेली, तोंड उघडलेलं, शब्द ओठांवर.

"आलास? बस जरा," डबी म्हणाली.

"बाई," ते म्हणाले, "तुम्ही मला अरेतुरे केलंत?"

हिने मान हलवली. हो की नाही ते मलाही कळलं नाही. धक्काप्रमुखांनी टोपी काढली. कोपऱ्यात एक खुर्ची होती, दुपारी जेवण घेऊन आलो की मी बसायचो ती. तिच्यात ते बसले. टोपी मांडीवर ठेवून म्हणाले, "आई गेल्यापासून कुणी म्हटलं नव्हतं." मग म्हणाले, "परत एकदा लावा."

चार वेळा लावलं. नंतर त्यांनी डोळे पुसले, टोपी घातली आणि एकदम कामाला लागले. जास्तीचे शब्द नियमात बसत नाहीत, तेव्हा नियमात दुरुस्ती करावी लागेल, म्हणाले. पण बोटी रिकाम्या जाऊन चालणार नाही. त्यावर त्यांनीच तोड काढली. आता आमच्या धक्क्यावर सगळे प्रवासी बोटीत चढल्यावर घोषणा होते की बोट लागली आहे. लोक ऐकतात आणि आपापल्या जागी बसतात. बोटीत उभं राहू नये हा नियम इतक्या वर्षांत पहिल्यांदाच पाळला जातोय. छत्र्यांच्या खिडकीला कुलूप आहे.

नातेवाइकांना चटक लागली आहे. दर रविवारी येतात आणि विचारतात, आज काही कंपाइल करायचंय का. सासऱ्यांकडे आता भरपूर जागा आहे. आत्याने त्यांना फोटोची आठवण करून दिली, त्यावर ते पोट धरून हसले आणि म्हणाले, कान तर छान आलाय की.

घरी मात्र पंचाईत. हिला माझ्याशी धड भांडता येत नाही. "ओला टॉवेल पलंगावर टाकू नको म्हणून हजारदा सांगितलंय. आलास? बस जरा." ती संतापते, पुन्हा टाइप करते, आणखी जोरात, आणि शेवट तोच. मलाही उलटून काही बोलता येत नाही. मी टॉवेल उचलतो.

परवा मी विचारलं, "परत बांधू का? तो चार काढून टाकतो. घोषणा संपली की संपली." ती विचारात पडली. काही टाइप केलं नाही, पाटीही घेतली नाही. मी दुकानात गेलो.

संध्याकाळी परत आलो तेव्हा ही टेबलाशी बसली होती, डबी पुढ्यात उघडी. मी चपला काढल्या. तिने माझ्याकडे बघितलं, आणि एकही अक्षर टाइप न करता, रिकाम्या ओळीवरच कळ दाबली. डबीने श्वास घेतला.

"आलास? बस जरा."

मी बसलो.